पेट्रोलचा भाव आणि घराचा पत्ता

कर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सरकारी तिजोरी उभी राहते. पण अर्थशास्त्राच्या तासाला मला कळले की पेट्रोलवरचा कर आणखीही एक काम करतो. तो हळूहळू शहराचा आकार बदलतो.

प्रवास स्वस्त असेल तर माणूस ऐसपैस घरासाठी लांब जातो आणि शहर पसरते. प्रवास महागला की लोक कामाच्या जवळ राहू पाहतात. जवळची जागा महाग, म्हणून घरे लहान होतात, मजले वर चढतात. लहान घराला वीजही कमी लागते. असा धूर दोन्हीकडून घटतो. अमेरिकेतला केंद्रीय पेट्रोल-कर १९९३ पासून गॅलनमागे १८.४ सेंटवरच आहे; युरोपातले कर त्याच्या कितीतरी पट. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या अटलांटात २५ लाख लोक ४,२८० चौरस किलोमीटरांवर पसरले होते, तर स्पेनमधल्या बार्सिलोनात २८ लाख लोक १६२ चौरस किलोमीटरांत मावत होते. हे सारे एकट्या कराने घडले नाही; बार्सिलोना हे मोटारींच्या कितीतरी आधीचे शहर. पण पेट्रोल स्वस्त नसते तर अटलांटा एवढे पसरले नसते.

हे मी मोठ्या उत्साहाने अण्णांना सांगितले. अण्णा गवंडी आहेत. वाघोलीहून कोथरूडला मोटारसायकलने रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात. मे २०२० मध्ये केंद्राने पेट्रोलवरचा कर लिटरमागे १० रुपयांनी वाढवला. जगात तेल उतरले होते, पण पंपावर त्यांना स्वस्ताई दिसली नाही. माझे सगळे ऐकून ते एवढेच म्हणाले, "कामाजवळ जागा दाखव, उद्या बिऱ्हाड हलवतो."

मी विचारात पडले. माणसाला सरकायला जागा आहे, हे सिद्धान्ताने गृहीतच धरलेले असते. आपल्याकडे भूखंडावर किती बांधायचे याला चटईक्षेत्राची मर्यादा असते; मुंबई बेटावर १९९१ च्या नियमावलीत ती साधारणपणे १.३३ होती. मर्यादा जितकी आखूड, तितकी मध्यवस्तीतली घरे थोडी आणि महाग. मग गरीब माणूस कडेला फेकला जातो. तो कर भरतो, पण जवळ येऊ शकत नाही. धूर तेवढाच राहतो आणि घरातले दूध कमी होते.

म्हणून मी कराच्या विरुद्ध नाही. त्याचा पैसा वेळेवर येणाऱ्या बसवर आणि कामाजवळच्या परवडणाऱ्या घरांवर खर्च झाला, तर शहर आवरेल आणि हवाही सुधारेल. पेट्रोलवर कर लावणाऱ्यांनी बसचा थांबा आणि घराचा पत्ता यांचाही विचार त्याच बैठकीत करावा, एवढेच मागणे.