भोगणे आणि पाहणे

‘अनुभवाची दाहकता’ हा शब्दप्रयोग आत्मकथनांवरील उत्तरपत्रिकांतून आम्हांस दरवर्षी भेटतो. ज्याने भोगले त्याला दिसतेच, असे त्यात गृहीत असते. या गृहीतकाने आमचे समाधान होत नाही, आणि त्याचे कारण शोधताना आम्ही पुनःपुन्हा गॉर्डन पार्क्स या कृष्णवर्णीय अमेरिकन छायाचित्रकाराकडे वळतो.

पार्क्स यांचा जन्म १९१२ साली कॅन्ससमधील फोर्ट स्कॉट येथे झाला. पंधरा भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते किशोरवयात असतानाच आई निवर्तली. सेंट पॉल येथे बहिणीकडे आश्रय मिळाला, तोही मेहुण्याने ऐन हिवाळ्यात हिरावून घेतला. ट्रॅममध्ये रात्री काढणे, कुंटणखान्यात पियानो वाजविणे, रेल्वेत वाढप्याचे काम करणे, असे दिवस गेले. स्थलांतरित शेतमजुरांची छायाचित्रे त्यांनी एका मासिकात पाहिली आणि गहाणवटीच्या दुकानातून कॅमेरा विकत घेतला.

१९४२ साली शिष्यवृत्ती मिळवून ते वॉशिंग्टन येथील ‘फार्म सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशन’च्या छायाचित्र विभागात आले. राजधानीतील वर्णभेदाने ते संतापले. विभागप्रमुख रॉय स्ट्रायकर यांनी त्यांना त्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन यांच्याशी बोलावयास सांगितले. त्यातून ते प्रसिद्ध छायाचित्र निघाले: मागे राष्ट्रध्वज, पुढे एका बाजूस झाडू व दुसऱ्या बाजूस फरशी पुसण्याचा मॉप घेऊन ताठ उभ्या असलेल्या वॉटसन. ग्रँट वुड यांच्या १९३० मधील ‘अमेरिकन गॉथिक’ या चित्राचेच नाव त्याला मिळाले.

या छायाचित्रात संताप आहे, परंतु पार्क्स तेथे थांबले नाहीत, हे आम्हांस अधिक मोलाचे वाटते. पुढे अनेक दिवस ते वॉटसन यांच्या घरी आणि चर्चमध्ये जात राहिले. त्या छायाचित्रांत नातवंडे आहेत, जेवण आहे, प्रार्थना आहे. ध्वजासमोरची स्त्री अन्यायाचे प्रतीक होती. घरातली स्त्री एक व्यक्ती आहे. भोगण्याने पार्क्स यांना दारापर्यंत आणले. आत शिरून थांबण्याचा संयम मात्र त्यांनी कमावला.

दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) भोगणारा दगडू आणि आज लिहिणारा दया पवार समोरासमोर येतात. हे अंतर आम्हांस केवळ निवेदनाचे तंत्र वाटत नाही. त्या अंतरावाचून भोगणे साहित्य होत नाही. अशा कृतीला केवळ ‘दाहक दस्तऐवज’ म्हणणे म्हणजे लेखकाची नजर नाकारून त्याची जखम तेवढी मोजणे होय.

तरीही एक प्रश्न उरतो. १९६१ साली पार्क्स यांनी रिओ येथील झोपडपट्टीतील फ्लाव्हिओ या आजारी मुलाची चित्रकथा ‘लाइफ’मध्ये प्रसिद्ध केली. वाचकांनी पैसे पाठविले. मुलाला उपचारांसाठी अमेरिकेतील डेन्व्हर येथे नेण्यात आले. तो बरा झाला आणि परत पाठविला गेला. त्याला मात्र तेथेच राहावयाचे होते. पार्क्स यांनी पुढे १९७८ साली त्याच्यावर पुस्तक लिहिले.

चित्र घेऊन झाल्यावर चित्रातील माणसाचे आपण काय लागतो? पार्क्स या प्रश्नाकडे परतले. आत्मकथन शिकवून पुढच्या घटकाकडे वळणाऱ्या आम्हां अध्यापकांनीही त्याकडे परतावयास हवे.