पाण्याचा छेद

नरसोबाच्या वाडीला मी लहानपणापासून जाते. आधी पौर्णिमेला आजीबरोबर, नंतर एकटी, जयसिंगपूरहून शिरोळमार्गे एसटीने. औदुंबराखाली पारायणाला बसलेली माणसं, कवठाची बर्फी, घाटावरची झुंबड हे सगळं डोळ्यांना पाठ होतं. कृष्णेचं पाणी देवळात शिरलं की होणारा दक्षिणद्वार सोहळा कधी ‘चढता’ होतो, कधी ‘उतरता’, हेही दर पावसाळ्यात कानावर पडायचं. पण एकाच पुरात तो दोनदा का होतो, हे कळलं देवळाचा छेद काढायला बसले तेव्हा.

मी शाळेत चित्रकला शिकवते. समोरून दिसणारं देऊळ मुलंही झकास काढतात. छेदात मात्र वास्तू उभी चिरून आतल्या पातळ्या दाखवायच्या असतात, तिथे नुसतं दिसणारं पुरत नाही. बाजारातून देवळाकडे उतरणाऱ्या पायऱ्या आणि देवळापासून नदीत उतरणारा घाट, यांच्यामध्ये दत्ताच्या पादुकांची पातळी नेमकी कुठे? दाराचा उंबरा तिच्या मानाने कुठे? बोलताना ‘असेल तिथेच कुठेतरी’ म्हणून भागतं. रेघ ओढायची तर ती कुठेतरी टेकवावीच लागते. मी पायऱ्यांना विती लावल्या, हात लांब करून पेन्सिलीवर उंच्या ताडून पाहिल्या, आतल्या पातळ्या पुजाऱ्यांना विचारून घेतल्या.

छेद तयार झाल्यावर निळ्या पेन्सिलीने त्यावर आडव्या रेघा ओढत गेले. सगळ्यात खालच्या रेघेला पाणी घाटावरच. रेघ वर नेली की पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्या दाराशीच लोक स्नानाला उभे असतात. आणखी वर नेली की दारच बुडतं. मग आतलं आणि बाहेरचं पाणी एक होतं, दारातून पडणारा प्रवाह उरत नाही. म्हणजे सोहळ्याला पाण्याची एक ठरावीक पट्टीच लागते. पूर मोठा असेल तर नदी चढताना ती पट्टी ओलांडून जाते आणि ओसरताना पुन्हा तिच्यातूनच खाली येते. पाणी वाढलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात का हलवतात, तेही त्याच कागदावर दिसलं. पुजारी मंडळींना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यांना ते रोजच्या सेवेतून मिळालं, मला रेघेतून मिळालं, आणि मिळालं तेव्हा अंगावर काटा आला.

अशा वेळी मला गंगाराम तांबट आठवतात. अठराव्या शतकाच्या शेवटी, सवाई माधवरावांच्या काळात, पुण्याचा हा चित्रकार इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी वेरूळची लेणी काढत होता. नुसती देखणी दृश्यं त्याने काढली नाहीत. लेण्यांची मापं आणि आराखडेही कागदावर उतरवले. अंधाऱ्या लेण्यात खांबामागून खांब मोजत फिरणाऱ्या त्या माणसाला वेरूळ जितकं कळलं असेल, तितकं नुसत्या भाविकाला किंवा प्रवाशाला कळणं कठीण. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. आमच्या चित्रकलेच्या पुस्तकांत मात्र त्याला जागा नाही, याची मला खंत वाटते.

छेदानंतर संगम काढायला घेतला. वाडीजवळ पंचगंगा कृष्णेला मिळते. वाहतं पाणी काढायचं कसं? लिओनार्दोने पाण्याच्या भोवऱ्यांची पानंच्या पानं भरली, पण माझ्याजवळ तो हात नाही. मला पंचगंगेतल्या केंदाळाने, म्हणजे जलपर्णीने, वाट दाखवली. केंदाळाचा एखादा पुंजका हेरायचा, मनात वीस मोजायचे, की तो असेल तिथे कागदावर ठिपका द्यायचा. ठिपके लांब लांब पडले तर पाणी वेगात आहे, जवळ जवळ पडले तर संथ. कृष्णेकडच्या बाजूला ठिपके ऐसपैस पडत होते. पंचगंगेच्या मुखाशी मात्र ते एकमेकांना चिकटू लागले. एक पुंजका तर वीस मोजून झाले तरी जागचा हलेना, नुसता स्वतःभोवती गोल फिरत राहिला.

शेजारी नावेतलं पाणी उपसत बसलेले एक मामा वहीत डोकावले. “ह्ये काय, केंदाळ काढतायसा व्हय बाई?”

“पाणी काढतेय, मामा.”

त्यांनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं. “बराबर हाय की. कृष्णा फुगली की हिला वाट मिळत न्हाई. मग ही तटती आन् मागं शेतात शिरती. पाऊस उघडला तरी पाणी हलत न्हाई ते ह्याच्यामुळंच.”

2019 च्या ऑगस्टात पाऊस ओसरल्यावरही शिरोळ तालुक्यातली गावं दिवसेंदिवस पाण्यात का राहिली, याबद्दल तेव्हा खूप वाचलं होतं, फुगवटा हा शब्दही तेव्हाच तोंडी बसला होता. त्या चिकटलेल्या ठिपक्यांत मला तो समोर दिसला.

तेव्हापासून वर्गात स्थिरचित्र आणि स्मरणचित्राबरोबर मी छेदही घेते. पुराच्या पाण्याची खूण ज्यांच्या भिंतीवर अजून आहे, त्या मुलांना मी आपापल्या गल्लीचा छेद काढायला सांगितलं. सातवीतल्या एकाने घर, गोठा, रस्ता आणि विहीर काढली, त्यावर 2019 ची रेघ ओढली आणि बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बाई, गोठा घरापेक्षा खाली आहे. म्हणजे घराच्या पायरीला पाणी लागायची वाट बघत बसलो, तर म्हसरं आधीच पाण्यात असणार.” त्याच संध्याकाळी तो कागद त्याने आजोबांना दाखवला.

आता जून लागायच्या आत या सगळ्या गल्ल्यांचे छेद एका लांब कागदावर शेजारी शेजारी जुळवायचे आहेत. दोन गल्ल्यांच्या मधला ओढा अजून कुणीच काढलेला नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की काठी, दोरी आणि वह्या घेऊन आम्ही तिकडे जाणार आहोत.