अंगठ्याचा ठेका

लेक सासरी गेली आणि तिची गिटार कपाटावर धूळ खात पडली. विकायला काढणार, तोच वाटलं, आपणच शिकावी की! "आता या वयात?" हे हसले.

मी हटून बसले. १९७३ सालच्या 'यादों की बारात'मधलं 'चुरा लिया है' घेतलं. त्यातली भूपिंदरसिंगांची गिटार कोण विसरेल? वरच्या तीन जाड तारा अंगठ्याच्या, खालच्या तीन बारीक तारा तीन बोटांच्या. अंगठा ठेका धरतो, बोटं सूर काढतात. पण माझी बोटं चालली की अंगठा थांबायचा! मग आठवडाभर नुसता अंगठाच घोटला.

डाव्या हाताची बोटं हुळहुळी झाली. भांडी घासल्यावर कातडी मऊ पडते आणि तारा जास्तच रुततात, म्हणून आधी सराव, मग भांडी. संसारात ठेका धरायची सवय आपल्याला असतेच, मैत्रिणींनो; सूरही आपला असतो, हे मात्र विसरायला होतं.

परवा लेकीचा फोन आला. "आई, गिटार विकलीस का गं?"

"थांब, ऐक."

दोनदा चुकले. अंगठा मात्र थांबला नाही.