पाठीचा पिळा

पाठ धरली कीं कंबरेला तेल चोळावयाचें, अशी आमच्या घरची चाल. दुखणें बहुधा असतें खांद्याच्या दोन फऱ्यांमध्यें, आणि उपचार होतो कंबरेवर! ओट्यापुढें वांकणारी सून, संगणकापुढें बसणारा मुलगा आणि मोबाइलमध्यें डोकें घालणारी नात, या तिघांचीही पाठ एकाच ठिकाणीं आखडते, हें आम्ही इंझोरीस बसून नित्य पाहतों.

पाठीच्या वरच्या भागांत बारा मणके असून प्रत्येकास बरगड्यांची एक जोडी जडलेली आहे. खालीं कंबरेचे पांच. कंबर पुढें-मागें चांगली वांकते, पण उजवीडावीकडे वळणें हें तिचें काम नव्हे. तें मुख्यतः वरच्या बारांचें. त्यांनीं अंग चोरलें म्हणजे भार मानेवर आणि कंबरेवर पडतो. एकत्र कुटुंबांत राहिलेल्या वाचकांस हें निराळें समजावून सांगावयास नको.

औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीं सूर्यनमस्काराचा ध्वज थेट लंडनपर्यंत नेला. १९३८ सालीं त्यांचें इंग्रजी पुस्तक तेथें निघालें. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं देशी खेळ दाखविणारें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर आमच्या वऱ्हाडांतलें, अमरावतीचें. या सर्वांविषयीं आम्हांस आदर आहे. तथापि आखडलेल्या पाठीस एकदम सूर्यनमस्कार सांगणें म्हणजे शब्दरूपें येण्यापूर्वीं रघुवंश हातीं देणें होय.

आरंभास एवढें पुरे. सतरंजीवर गुडघे टेकून टाचांवर बसावें. पुढें वांकून डाव्या हाताचा कोपरापासून पंजापर्यंतचा भाग गुडघ्यांपुढें जमिनीवर टेकावा. उजवा तळवा मानेमागें हलकेच ठेवावा. श्वास सोडीत उजवें कोपर आढ्याकडे वळवावें, नजरही त्यामागें जाऊं द्यावी. श्वास घेत परत यावें. असें पांच वेळां, मग दुसरी बाजू. बैठक टाचांवरून उठतां कामा नये, कारण ती तेथें टेकलेली असते म्हणूनच कंबर स्वस्थ राहते आणि वळण वरच्या पाठीस घ्यावें लागतें. पुष्कळजण हातानें मान ओढतात किंवा नुसतें कोपर हलवितात. छाती वळली नाहीं तर तो व्यायाम नव्हे. गुडघे साथ देत नसतील त्यांनीं खुर्चीवर बसून, हात छातीवर आडवे धरून वळावें.

आमच्या वडील वहिनींना कुणीं मागून हाक मारली तर सबंध अंगानें फिरावें लागे. उंचीही घटल्यासारखी दिसे. उतारवयांत, विशेषतः स्त्रियांचीं, हाडें विरळ होऊन मणका दबतो. अशा पाठीस पिळा देणें धोक्याचें. म्हणून प्रथम डॉक्टरांस दाखविलें. त्यांनीं हाडें तपासून खुर्चीवरील प्रकारास होकार दिला, तेव्हां वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, या वयांत हीं सोंगें शोभतील का?" आम्ही म्हटलें, "दार लावून घ्या, म्हणजे झालें."

दीड महिना झाला. कुबड आहे तेवढेंच आहे. परंतु हाकेला आतां मान आणि खांदे वळतात, पाय जागचे हलत नाहींत. दुपारीं दार अजूनही लागतें. गेल्या आठवड्यापासून मात्र आंतून दोन सुनांचेही आवाज येतात.