सहा किलोमीटर आणि अडीच हजार

मी कर सल्लागार. ऑफिस यवतमाळात, पण निम्मं काम घाटंजी, आर्णी, दारव्हा आणि कळंबचं. विक्रीकर पाहिला, 1 एप्रिल 2005पासून व्हॅट पाहिला आणि 1 जुलै 2017पासून जीएसटी पाहतोय. कराचे दर वाढले-कमी झाले की पेपरात पानंच्या पानं येतात. माझ्यासमोर बसणाऱ्या दुकानदाराला मात्र दराचं फारसं काही नसतं. कर तो गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. त्याला जेरीस आणतात त्या गोष्टी वेगळ्याच.

घाटंजीकडचे एक हार्डवेअरवाले काका आहेत. त्यांनी बाहेरगावच्या एका ठोक व्यापाऱ्याकडून पाइप आणि रंग घेतले. दोन लाखांचा माल, त्यावर 18 टक्के, म्हणजे 36 हजारांचा कर. पैसे बँकेतून गेले, बिल पक्कं. पण त्या व्यापाऱ्याने विवरणपत्रच भरलं नाही. त्यामुळे पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून पोर्टलवर आपोआप बनणाऱ्या काकांच्या '2बी' तक्त्यात ते 36 हजार उमटलेच नाहीत, आणि जे तिथे दिसत नाही त्याचं क्रेडिट मिळत नाही.

"मी तं पैसे देल्ले, बिल बी हाय. मंग मले काहून भराले लावता?"

कायद्यातलं उत्तर माझ्याकडे होतं. कलम 16 सांगतं की पुरवठादाराने कर सरकारजमा केला असेल तरच घेणाऱ्याला त्याची वजावट. काकांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. कर चुकवणाऱ्याला धरायचं काम सरकारचं. ते घाटंजीच्या दुकानदाराकडे का सोपवलंय? ठोकवाला फोन उचलेना. काकांनी 36 हजार पदरचे भरले, तेही ऐन पेरणीच्या तोंडावर, जेव्हा अर्धं दुकान उधारीवर गेलेलं असतं. मोठ्या कंपनीला असा पुरवठादार भेटला तर ती त्याच्या पुढच्या बिलातून रक्कम कापून घेते. काकांचा त्याच्याशी तो एकच व्यवहार होता.

मग लोक म्हणतात, लहान दुकानदारासाठी कंपोझिशन योजना आहे ना! आहे. 2019पासून दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्याला त्यात जाता येतं. माल बनवणारा असो की विकणारा, उलाढालीवर एक टक्का भरा आणि मोकळे व्हा. दारव्ह्याचा एक लोखंडी रॅक आणि टेबलं बनवणारा पोरगा मोठ्या हौसेने त्यात गेला. लोखंड घेताना 18 टक्के द्यावे लागले, त्याचं क्रेडिट नाही. विकताना बिलावर कर लावता येत नाही, म्हणून घेणाऱ्यालाही क्रेडिट नाही. घरगुती गिऱ्हाइकाला याने काही फरक पडत नाही. पण कृषी सेवा केंद्रवाले, दालमिलवाले त्याला म्हणू लागले, जीएसटीचं बिल दे, नाहीतर भाव कमी कर. सवलत घेतली की मोठं गिऱ्हाईक जातं, मोठं गिऱ्हाईक हवं तर सवलत सोडा. तो वर्षभरात बाहेर पडला आणि आता माझ्याकडे दर तिमाहीला येतो.

पैसेवाल्यांचं येणं निराळं. दुकानदार घडून गेलेलं घेऊन येतो; पैसेवाला सौद्याच्या आधी येतो. जमीन विकायची असली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "साहेब, किती किलोमीटर भरते?" कारण ग्रामीण शेतजमीन आयकराच्या लेखी भांडवली मालमत्ताच नाही, ती विकून कितीही नफा झाला तरी कर शून्य. ग्रामीण म्हणजे काय, हे अंतरावर ठरतं. नगर परिषदेची लोकसंख्या एक ते दहा लाखांत असली तर हद्दीपासून सहा किलोमीटरच्या बाहेरची जमीन ग्रामीण. 2011च्या जनगणनेत यवतमाळची लोकसंख्या लाखावर होती, म्हणून आमचा आकडा सहा. अंतर रस्त्याने नव्हे, सरळ रेषेत हवाई मोजायचं, हे 2013च्या वित्त कायद्याने ठरवलं. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन शेतांपैकी एकाला लाखोंचा कर आणि पलीकडच्याला काहीच नाही, असं मी पाहिलंय. ले-आउट पडायच्या आधी, एनए (अकृषिक) व्हायच्या आधी विकायचं, तहसीलचा दाखला फाइलला लावायचा. सगळं कायद्यात बसणारं. ते बसवायची फी मीच घेतो, तेव्हा फार बोलण्याचा मला अधिकार नाही.

याच लोकांचं संपत्ती कराचं विवरणपत्रही पूर्वी भरावं लागे. 30 लाखांवरच्या निव्वळ संपत्तीवर एक टक्का. पण 1993पासून शेअर त्यातून बाहेर, ग्रामीण शेती बाहेर. उरलं सोनं, गाड्या, जादाचं घर, शहरातला रिकामा प्लॉट. 2015च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटलींनी तो करच काढला. वसुली साऱ्या देशात मिळून हजार कोटींच्या आसपास होती आणि खटाटोप मोठा, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण आधी पोत्याला भोकं पाडायची आणि मग पीठ राहत नाही म्हणून पोतं फेकायचं, असंच ते मला तरी वाटलं.

"एवढा कर भरतो, मंग दुकानापुढची नाली कोन काढन?" हा प्रश्न मेन लाइनीत, म्हणजे आमच्या मुख्य बाजारात, हमखास ऐकू येतो. जीएसटी अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. त्यातला रुपयाही थेट नगर परिषदेच्या तिजोरीत पडत नाही. पूर्वी जकात होती. नाक्यावर ट्रक अडायचे, चिरीमिरी चालायची, व्यापारी शिव्या द्यायचे. पण तो पैसा गावाचा असे. 1999मध्ये राज्यातल्या नगरपालिकांची जकात गेली आणि तिच्या जागी मुंबईहून येणारं अनुदान आलं. स्वतःचा म्हणावा असा मोठा कर उरला तो मालमत्ता कर. तो थकला की महिन्याला दोन टक्के शास्ती. मग थकवणारा शास्ती माफ होण्याची वाट बघतो आणि वेळेवर भरणाऱ्याच्या दारातली नाली तशीच राहते.

आमच्या जिल्ह्याचं नाव जोडता येईल असा एक कर मात्र आहे, व्यवसाय कर. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, 1972च्या दुष्काळात रोजगार हमी राज्यभर पसरली आणि तिला पैसा हवा म्हणून 1975मध्ये हा कर आला. शहरातल्या कमावत्याने खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचं, अशी ती सरळ मांडणी होती. इतका नेमका हेतू असलेला दुसरा कर माझ्या टेबलावरून गेलेला नाही.

आमच्या ओळखीचे जिल्हा परिषद शाळेतले एक गुरुजी दर मार्चला पगारपत्रक घेऊन येतात. त्यांचा प्रश्न: व्यवसाय कराचे दर महिन्याला 200 कापतात, फेब्रुवारीत 300 का? मी सांगतो, अकरा महिन्यांचे 2200 आणि हे 300, झाले 2500. वर्षाला याहून जास्त घेताच येत नाही, राज्यघटनेच्या कलम 276मध्येच तशी मर्यादा आहे. आधी ती 250 होती, 1988मध्ये 2500 झाली.

"अन् ते सहा किलोमीटरवाले?" गुरुजींनी यंदा विचारलं. माझ्या धंद्याची त्यांना चांगलीच माहिती आहे.

"त्यांचेही 2500च."