पाणी जाते, मीठ राहते



आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे ज्याला 'लवण' म्हणतात त्याला मराठी पुस्तकात 'क्षार' म्हणतात, आणि हिंदीतला 'क्षार' म्हणजे अल्कली! म्हणून हा धडा शिकवताना आम्ही आधी शब्द पक्का करून घेतो. आम्ल व अल्कली यांच्या अभिक्रियेतून क्षार आणि पाणी तयार होते. क्षार पुष्कळ आहेत. त्यातला सर्वांच्या ओळखीचा म्हणजे सोडिअम क्लोराईड, आपले जेवणातले मीठ.

मिठाचे स्फटिक घनाकृती असतात. ते ८०१ अंश सेल्सिअसला वितळतात. १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यात मोठा वाटा मिठाचाच. उन्हाने पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागे राहते. मिठागरे याच गुणावर चालतात. आंबोली घाट उतरल्यावर कोकणात शिरोडा लागते. तेथील मिठागरांवर १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला.

आपली हिरण्यकेशीही आंबोलीलाच उगम पावते, पण ती पूर्वेकडे वाहते. तिचे पाणी गोडे, तरी नदीच्या पाण्यात थोडे क्षार असतातच. काळ्या जमिनीत उसाला पाणी भरमसाट दिले आणि निचरा नसला, की जमिनीखालचे पाणी वर येते. ऊन ते पाणी ओढून घेते आणि क्षार वर साचतात. म्हणजे शेताचेच मिठागर होते! मग ओल असूनही मुळांना पाणी घेता येत नाही. कृष्णाकाठी शिरोळ तालुक्यात पुष्कळ जमिनी अशाच क्षारपड झाल्या आहेत.

यावर पहिला उपाय निचऱ्याचा. चर काढावेत किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालावेत, म्हणजे चांगल्या पाण्याबरोबर क्षार वाहून जातात. चोपण जमिनीला जिप्सम लागते. तेही एक क्षारच, कॅल्शिअम सल्फेट. त्यातले कॅल्शिअम मातीतल्या सोडिअमला हुसकावते. पण निचरा नसेल तर जिप्समचा खर्च वाया.

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांची फी उसाच्या बिलातून येते. उन्हाळ्यात शेताचा सखल कोपरा पाहून या. पांढरी खपली दिसली तर घरी सांगा आणि माती तपासून घ्यायला लावा. या धड्याची खरी परीक्षा तीच.