गांधी चौकात बसायचं कुठं?

अनंत चतुर्दशीला हिंगोलीत या. चिंतामणी गणपतीचा नवसाचा मोदक घ्यायला गावोगावची माणसं लोटतात आणि गड्डेपीर गल्लीच्या आजूबाजूचे रस्ते तेवढ्यापुरते पायांच्या हवाली होतात. एरवी कडेनं अंग चोरून जाणारी म्हातारी त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध चालते. मागून हॉर्न नाही, 'ओ मावशी, सरका' नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत. गांधी चौकात दुकानांपुढं तिरप्या लावलेल्या दुचाक्या, त्यांच्यापुढं हातगाडे आणि उरलेल्या पट्टीत ऑटोंची घुसाघुस. एका हातात पिशवी नि दुसऱ्या हातात पोराचं मनगट गच्च धरून एखादी बाई तिथून निघते, तेव्हा तिची नजर चाकांवर असते; दुकानात टांगलेल्या साडीकडं बघायची तिला सवडच नसते. व्यापाऱ्यांनी एकदा हेही हिशेबात धरावं.

1999 साली हिंगोली परभणीतून वेगळी झाली, जिल्ह्याचं ठिकाण झाली. सेनगाव, कळमनुरी, औंढ्याची माणसं कचेरीच्या, कोर्टाच्या, दवाखान्याच्या कामाला इथंच येतात. काम 'उद्या या'वर ढकललं जातं, एसटीला अवकाश असतो. मग बसायचं कुठं? बंद शटरच्या पायरीवर. शटर वर गेलं की उठायचं. गावाकडं साधा पार असतो, त्यावर कोणी बसलं तर काम विचारत नाहीत. आपल्याकडं चौकाचं सुशोभीकरण म्हणजे मात्र कठडा, कारंजं, रंगीत दिवे आणि आत यायला मनाई! (कारंजं बहुधा उद्घाटनापुरतंच उडतं.) मराठवाड्याच्या मे महिन्यात फरशीपेक्षा कडुलिंबाची सावली मोलाची, हे कंत्राटात कोण लिहिणार?

पुण्यात 11 डिसेंबर 2021 ला लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा दिवसभर वाहनांना बंद केला आणि तो पादचारी दिन पुढंही पाळला जाऊ लागला. कोपनहेगननं 1962 मध्ये स्ट्रोएट हा बाजाररस्ता गाड्यांना बंद केला, तेव्हा तिथल्या दुकानदारांनीही धंदा बसेल म्हणून ओरड केली होती. तो रस्ता आजही पायी चालणाऱ्यांचा आहे, आणि दुकानंही आहेत.

नगर परिषदेला विनंती एवढीच, की निधीची वाट बघू नका. एका रविवारी गांधी चौकात दोर लावा, रुग्णवाहिकेपुरती वाट सोडा, हातगाडे एका ओळीत घ्या, मंडप घालून चार बाकडी टाका. संध्याकाळी दुकानदारांनी गल्ला मोजावा आणि मग बोलावं.